डोमेन विकायचं की त्यावर वेबसाईट उभी करायची? एका डॉक्टरचा हिशेब



या ब्लॉगवर आपण साखर, रक्तदाब, थायरॉईड, मुलांचा ताप अशा विषयांवर बोलतो. आजचा विषय वरवर पाहता आरोग्याचा वाटणार नाही. पण शेवटपर्यंत वाचा. तुम्ही डॉक्टर असाल, लॅब चालवत असाल, शेतकरी गटात असाल किंवा घरातल्या मुलाने हौसेने चार-दोन डोमेन घेऊन ठेवली असतील, तर हा प्रश्न कधी ना कधी तुमच्यासमोर येणार आहे. आणि तुम्ही फक्त मोबाइलवर आरोग्याची माहिती वाचणारे असाल, तरी त्या माहितीमागे काय घडतं ते कळेल.

आधी थोडक्यात सांगतो. डोमेन म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता. 'अमुक डॉट कॉम' किंवा 'तमुक डॉट इन'. नोंदणी करणाऱ्या कंपनीला रजिस्ट्रार म्हणतात. जो आधी मागेल त्याला नाव मिळतं. एक लक्षात ठेवा, हा सातबारा नाही. नाव तुमच्या मालकीचं होत नाही; ठरावीक मुदतीसाठी तुमच्या नावावर राहतं. एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांचे पैसे भरता येतात. भरणं थांबलं की नाव गेलं.

माझ्याकडे ११ नावं कशी आली

मी हिंगोली जिल्ह्यात वसमतला प्रॅक्टिस करतो. २०१७ च्या दिवाळीत भाचा पुण्याहून आला होता. तो म्हणाला, "मामा, आत्ता नावं घेऊन ठेवा. पुढे लोक लाखांनी मागतील." एका रात्रीत आम्ही दोघांनी ११ नावं घेतली. चार हळदीची, दोन साखरेच्या आजाराची, एक माझ्या दवाखान्याचं, दोन औंढा नागनाथच्या यात्रेची, एक लग्नाच्या हॉलचं आणि एक मोठ्या शहरातल्या एका रुग्णालयाच्या नावाशी मिळतंजुळतं. ती नावं इथे लिहीत नाही. कारण पुढे कळेल.

हळदीची चार का, हे वसमतच्या माणसाला सांगायला नको. आमच्याकडे मोंढ्यात हळद आली की गावाचा रंग बदलतो. भाच्याचं गणित सोपं होतं: हळदीचं नाव जगभर, मग हळदीच्या डोमेनला गिऱ्हाईक जगभर.

प्रत्येक नावाला वर्षाला सरासरी ९०० रुपये. अकराचे झाले ९,९००. दरवर्षी मोबाइलवर मेसेज यायचा, मी पैसे भरायचो. आठ वेळा भरले. मागच्या वर्षी घरच्यांनी दवाखान्याचा हिशेब काढताना विचारलं, "हे दहा हजार दरवर्षी कशाचे जातात?" मी म्हणालो, गुंतवणूक. "आजवर किती आले?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाऊण लाखाच्या वर गेले होते आणि एक रुपया आला नव्हता.

मग एक फोन आला

त्याच वर्षी दसऱ्याच्या आधी एका मध्यस्थाचा फोन आला. माझ्याकडच्या एका नावात हळद आणि साखरेचा आजार हे दोन्ही शब्द होते. त्याला ते हवं होतं. तो एक लाखापासून सुरू झाला आणि एक लाख ऐंशी हजारांवर आला.

खरं सांगतो, मी फोनवर हो म्हणालो. दवाखान्याचा स्लॅब पावसाळ्यात गळत होता. पेशंट बसतात तिथे बादली ठेवावी लागायची. स्लॅबच्या कामाचा अंदाज दीड लाख होता. आठ वर्षांचे पाऊण लाख वसूल होऊन वर स्लॅबही निम्म्याच्या वर होणार होता. कोण नाही म्हणेल?

मी सहज विचारलं, "या नावावर करणार काय?" तो म्हणाला, "पार्टी हळदीचं चूर्ण विकते. शुगर मुळापासून बरी, गोळ्या बंद. तुमचं नाव डॉक्टरी वाटतं, म्हणून पार्टीला आवडलं."

मी "उद्या कळवतो" म्हणून फोन ठेवला. त्या रात्रीही मनात विकायचंच होतं. नाव म्हणजे काय, चार अक्षरं. त्यावर तो काय लिहील ते त्याच्यापाशी.

दोन दिवसांनी एक ५४ वर्षांचे शेतकरी आले. वसमत तालुक्यातलेच, स्वतः हळद लावणारे. सहा वर्षांपासून मधुमेह, मेटफॉर्मिनवर साखर बरी होती. आता उजव्या पायाच्या अंगठ्याला आणि शेजारच्या बोटाला जखम, वास येत होता. जखमेवर हळदीचा जाड लेप. साखर तपासली, ४१०.

"काका, गोळ्या?"

"त्या दोन महिन्यांपासून बंद केल्या की, साहेब. मोबाइलवर लिहिलंय ना, हळदीनं शुगर मुळासकट जाते. आपल्या घरचीच हळद हाय. सकाळ-संध्याकाळ चमचा घेतो."

"कोणी लिहिलंय?"

"डॉक्टरचीच साईट हाय ती. नावातच होतं."

ती साईट माझ्या नावावरची नव्हती. मी तपासून पाहिलं. पण ती माझ्या त्या नावासारखीच होती. शब्दांची अदलाबदल एवढाच फरक. काकांना नांदेडला पाठवलं. अंगठा वाचला, शेजारचं बोट काढावं लागलं.

त्या संध्याकाळी मध्यस्थाला नाही म्हणून कळवलं.

हळद आणि साखर: थोडं आरोग्याचं

विषय निघालाच आहे तर हे वाचून ठेवा.

- हळदीत कर्क्युमिन नावाचा घटक असतो, पण तो पुडीच्या वजनाच्या जेमतेम काही टक्के. शिवाय तो आतड्यातून रक्तात फार कमी जातो.
- कर्क्युमिनवर संशोधन चालू आहे. पण मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन बंद करून त्या जागी हळद घ्यावी, असं त्यातून सिद्ध झालेलं नाही.
- भाजी-आमटीतली हळद जरूर खा. पण जास्त ताकदीच्या कॅप्सूल, विशेषतः मिरीचा अर्क घातलेल्या, घेतल्यावर काही लोकांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर विचारल्याशिवाय घेऊ नका.
- मधुमेहात पायाची जखम म्हणजे त्याच दिवशी डॉक्टर. वर लेप लावला की आत काय चाललंय ते दिसत नाही.

मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ च्या 'औषधे आणि जादुई उपचार' कायद्याने बंदी आहे. त्या कायद्याच्या यादीत मधुमेह आहे. तरीही जाहिराती दिसतात, कारण साईट बंद केली तर दुसऱ्या नावाने उघडायला फार तर काही तास लागतात. म्हणूनच भारदस्त वाटणाऱ्या नावांना किंमत येते.

भाच्याचा प्रश्न

भाचा चिडला. "मामा, तुम्ही नाही दिलं म्हणून काय तो थांबणार आहे? दुसरं नाव घेईल." बरोबर होतं त्याचं. दोन महिन्यांनी तशाच चूर्णाची साईट दुसऱ्या नावाने दिसली. माझ्या नकाराने एकाही माणसाच्या गोळ्या वाचल्या असतील, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. स्लॅब मात्र आणखी एक पावसाळा गळला.

तरीही मला ते पटलं नाही. ज्या माणसाच्या पायाचं ड्रेसिंग मी करतो, त्याला फसवणाऱ्या पाटीचे पैसे मी घ्यायचे, हे जमणार नव्हतं. त्यामागे याहून मोठं तत्त्वज्ञान नाही.

पण नाही म्हटल्यावर खरा प्रश्न सुरू झाला. नाव विकायचं नाही, तर त्याचं करायचं काय?

बेणं विकायचं की लावायचं

आमच्याकडे हळदीचा शेतकरी दरवर्षी हा निर्णय घेतो. काढणी झाली की जेठे गड्डे बेण्यासाठी ठेवायचे की विकून मोकळं व्हायचं? ठेवले तर सावलीत सांभाळायचे, सडके वेचून काढायचे, मग लावणी, पाणी, खुरपणी आणि पुढचे आठ-नऊ महिने वाट. विकले तर पैसे आज हातात. दोन्ही शहाणपणाचे निर्णय असू शकतात. तोट्याचा एकच प्रकार: बेणं म्हणून ठेवायचं, लावायचं नाही, आणि कोपऱ्यात सुकू द्यायचं. मी ११ नावांचं आठ वर्षं नेमकं तेच केलं.

फरकही आहे. हळदीचा भाव मोंढ्यात रोज कळतो. डोमेनला मोंढा नाही. 'व्हॉइस डॉट कॉम' हे नाव २०१९ मध्ये ३ कोटी डॉलरला विकलं गेलं, हे खरं आहे. पण ती बातमी झाली, कारण तसं क्वचित होतं. ती ऐकून ११ नावं घेणं म्हणजे शेजाऱ्याला लॉटरी लागली म्हणून ११ तिकिटं घेण्यासारखं. त्यात आपल्या भाषेच्या नावांची आणखी एक अडचण आहे. 'हळद' इंग्रजी अक्षरांत चार जण चार तऱ्हेने लिहितात, आणि 'ळ' ला तर अक्षरच नाही. २०१४ पासून '.भारत' आलं, त्यात नाव देवनागरीत घेता येतं. पण बहुतेक लोक आता पत्ता टाइप करत नाहीत. गूगलवर शोधतात किंवा मोबाइलला बोलून विचारतात. त्यामुळे नुसत्या नावाला गिऱ्हाईक मिळणं अवघड. आत काय आहे, त्याला महत्त्व.

विकणं म्हणजे ऑपरेशन, चालवणं म्हणजे मधुमेह

पेशंटला समजावतो तसं सांगतो.

विकणं हे ऑपरेशनसारखं आहे. एकदाच करायचं, पण नीट करायचं. काळजी कोणती?

- समोरच्याने "आधी नावाच्या किमतीचं प्रमाणपत्र आणा, फी भरा" असं सांगितलं की फोन ठेवा. ही जुनी फसवणूक आहे.
- रक्कम मोठी असेल तर पैसे तटस्थ मध्यस्थाकडे जमा होऊ द्या. ट्रान्सफर कोड हा ओटीपीसारखा असतो. त्याआधी कोणाला देऊ नका.
- घेणारा त्या नावावर काय करणार, ते विचारा. आरोग्य, पैसा किंवा लहान मुलं यांच्याशी संबंधित नाव असेल तर दोनदा विचारा.
- दुसऱ्याच्या नावाशी मिळतंजुळतं डोमेन विकायला काढू नका. १९९९ मध्येच मुंबई उच्च न्यायालयाने 'रेडिफ' च्या प्रकरणात एका अक्षराच्या फरकाने घेतलेलं 'रॅडिफ' हे नाव वापरायला मनाई केली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'सिफी' च्या प्रकरणात सांगितलं, की डोमेनलाही व्यापारचिन्हासारखं संरक्षण मिळू शकतं. मूळ मालकालाच चढ्या भावाने विकण्यासाठी नाव घेतलं असेल, तर लवादापुढे तो वाईट हेतूचा पुरावा धरला जातो.

रुग्णालयाच्या नावाशी मिळतंजुळतं डोमेन आमच्याकडे होतं, ते मी सगळ्यात आधी सोडलं. आठ वर्षं ते बाळगलं याची लाज वाटते. रात्री घाबरलेल्या नातेवाइकाने चुकीचं अक्षर टाइप केलं असतं तर तो माझ्या रिकाम्या पानावर आला असता.

साईट चालवणं मात्र मधुमेहासारखं आहे. पहिल्या दिवशीचा उत्साह कामाचा नाही. पाचव्या वर्षीच्या मंगळवारी तुम्ही काय करता ते महत्त्वाचं. होस्टिंगचे पैसे वेगळे. जुन्या लेखातला औषधाचा सल्ला बदलला तर तो दुरुस्त करावा लागतो. चुकीची आरोग्यविषयक माहिती तशीच पडून राहणं हे रिकाम्या पानापेक्षा वाईट.

डॉक्टरांना आणखी एक बंधन आहे. वैद्यक व्यावसायिकांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम पेशंट ओढण्यासाठी जाहिरात करायला मनाई करतात. म्हणून माझ्या साईटवर पेशंटचे फोटो नाहीत, "शंभर टक्के गुण" नाही, सवलत नाही. याचा अर्थ कमाईही नाही.

मी शेवटी काय केलं

मी ११ नावं कागदावर लिहिली आणि प्रत्येकासमोर तीन प्रश्नांची उत्तरं लिहिली. तुम्हीही हेच करा.

१. पुढची तीन वर्षं आठवड्याला दोन-तीन तास मी खरंच याला देणार आहे का?
२. हे नाव माझ्यापेक्षा दुसऱ्या कोणाला जास्त शोभतं का?
३. हे नाव वाचून कोणी आपला जीव, पैसा किंवा मूल दुसऱ्याच्या हवाली करू शकेल का?

पहिल्याचं उत्तर 'हो' असेल तर उभारा. 'नाही' असेल तर विका किंवा सोडा. पण तिसऱ्याचं उत्तर 'हो' असेल तर भाव बघून विकू नका; माणूस बघून द्या, नाहीतर स्वतःकडे ठेवा.

औंढ्याच्या यात्रेची दोन नावं गाड्या भाड्याने देणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला १४,००० रुपयांत दिली. त्याला उपयोग आहे, मला आनंद आहे.

हळदीच्या चारपैकी एका नावात वसमत होतं. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. या मानांकनाची एक गोष्ट मला फार आवडली. १९९९ च्या त्या कायद्यानुसार असं नाव कोणाला विकता येत नाही, गहाणही ठेवता येत नाही. ते त्या भागातल्या पिकवणाऱ्यांचं. मग त्याच नावाचं डोमेन मी एकट्याने भाव येईपर्यंत दाबून बसायचं? ते इथल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीला नोंदणीच्या खर्चात देऊन टाकलं. हळदीचं नाव तसंही सहजासहजी कोणाचं होत नाही. हळदीने जखम भरते यावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिलं गेलं होतं. तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली आपल्या सीएसआयआरने जुने ग्रंथ आणि लेख पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं.

दवाखान्याचं नाव ठेवलं. रुग्णालयाचं धरून सहा नावं सोडून दिली. त्यांच्यावर कधी एक पानही नव्हतं, त्यामुळे कोणाचा विश्वास त्यांच्यावर बसलेला नव्हता.

राहिलं ते एक, हळद आणि साखरेचं. त्यावर साईट उभी केली. पहिला लेख त्या काकांच्या परवानगीने, नाव-गाव न देता: 'घरची हळद आणि साखरेची गोळी'. रविवारी सकाळचे तीन तास जातात. वर्षभरात २२ लेख झाले. उत्पन्न शून्य. भाचा तांत्रिक बाजू बघतो, अजून अधूनमधून एक लाख ऐंशी हजारांची आठवण करून देतो.

एक शेवटची सूचना

साईट एकदा चालवली आणि मग कंटाळा आला, तर? नाव तसंच सोडू नका. डॉट कॉमची मुदत संपली की रजिस्ट्रारप्रमाणे फार तर ४५ दिवसांची सवलत मिळते, त्यानंतर ३० दिवस जादा पैसे भरून परत घेता येतं, शेवटचे ५ दिवस काहीच करता येत नाही, आणि मग ते सगळ्यांना खुलं. जुन्या, लोकांच्या ओळखीच्या नावांवर टपून बसलेले लोक असतात. तुमचे वाचक त्याच पत्त्यावर येतील, लिहिणारा मात्र बदललेला असेल. लिहिणं थांबवलं तरी नावाचे पैसे भरत राहा. वर्षाला ९०० रुपये ही दवाखान्याला कुलूप लावण्याची किंमत समजा. मी माझ्या नावाचे १० वर्षांचे एकदम भरले आणि पासवर्ड घरच्यांना लिहून दिला.

ते काका आता दर महिन्याला येतात. तीन महिन्यांची सरासरी साखर ११ वरून ७.४ वर आली आहे. मागच्या वेळी त्यांनी मोबाइल पुढे केला. "साहेब, ही साईट तुमचीच का दुसऱ्याची? वाचून गोळ्या चालू ठेवल्यात, पण म्हटलं आधी विचारावं."

तुम्हीही तेच करा. नाव कितीही डॉक्टरी वाटलं, तरी गोळी बंद करण्याआधी आपल्या डॉक्टरला विचारा.

काळजी घ्या.